डोळे उघडताच दुसरा हप्ता मागणारा माणूस

माझ्या धाकट्या भावाचा दिंडोरी रस्त्यावर दुचाकीचा अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागून तो नाशिकच्या एका रुग्णालयात बेशुद्धावस्थेत पडून होता. त्या काळात स्टेम सेलच्या (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनने त्याला हमखास शुद्धीवर आणतो असे सांगून एका माणसाने आमच्या कुटुंबाला लुबाडले. ज्यांचे माणूस आज आयसीयूत आहे त्यांना हे कळावे म्हणून लिहीत आहे, कारण या फसवणुकीची सगळी मेख वेळ साधण्यात आहे.

हा माणूस माझ्या भावजयीला औषधांच्या दुकानापाशी भेटला. त्याला भावाचा बेड क्रमांकही ठाऊक होता आणि बेशुद्धी किती खोल आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवरचे गुणही. (हे गुण ३ ते १५ असतात, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे मेंदूची इजा गंभीर.) निम्मे पैसे आधी आणि निम्मे रुग्णाने डोळे उघडल्यावर, ही त्याची अट ऐकणाऱ्याला रास्तच वाटेल अशी होती. रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याला हाताशी धरून त्याने इंजेक्शन टोचवले. ती बाटली नंतर आमच्या हाती लागली, तेव्हा तिच्यावरचे लेबल खरवडलेले होते. बॅच क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही.

काही दिवसांनी भावाने डोळे उघडले. भावजय रडत म्हणाली, "दादा, ह्यांनी डोळे उघडले!" दुसरा हप्ता त्याच संध्याकाळी गेला, त्यासाठी तिचे दागिने गहाण पडले होते.

डोळे मात्र इंजेक्शनाने उघडले नव्हते. कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. जो रुग्ण जगतो त्याचे डोळे बहुधा आपोआप उघडू लागतात, कारण झोप आणि जाग सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, आधी सावरतो. आपण कोण, समोर कोण, ही जाणीव त्यासोबत परत आलेली असेलच असे नाही. डोळे उघडे पण जाणिवेचे चिन्ह नाही, या अवस्थेचे वर्णन जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी १९७२ मध्येच करून ठेवले आहे. त्या माणसाने भावाच्या तळहातात आपले बोट ठेवले, भावाची मूठ मिटली, आणि "बघा, ओळखतोय" असे तो म्हणाला. तान्ह्या बाळाची मूठही अशीच मिटते; ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हे आम्हाला न्यूरोसर्जननी सांगितले. त्यांनी एक छोटा आरसा भावाच्या चेहऱ्यासमोर सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला. नजर त्यामागे गेली नाही. शुद्ध परतू लागल्याची पहिली खूण बरेचदा याच आरशात दिसते, म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

आशा सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. अमेरिकेतील मेंदुविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या २८ दिवसांत सुधारणेची शक्यताच नाही असे सुचवणारे बोलू नये, आणि अपघाती इजेनंतर वर्षभरानेही सुधारणा झालेले रुग्ण आहेत. अमँटाडिन या जुन्या औषधाचा १८४ रुग्णांवरील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चार आठवडे औषध चालू असताना सुधारणेचा वेग वाढला आणि ते थांबवल्यावर मंदावला. सिद्ध झालेला उपाय इतका बेताचा आहे, म्हणून हमखास हा शब्द मला आता सर्वात घातक वाटतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम काही ठराविक आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे कोणी असे इंजेक्शन सुचवले तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातील अशा चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय देऊ देऊ नका. आम्ही ती बाटली आणि ऑनलाइन भरलेल्या रकमेचा तपशील जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. रोखीने दिलेल्या हप्त्याचा मात्र कोणताही पुरावा आमच्याकडे नाही.