टीपी-लिंक टीएल-एसजी१०८: आठ पोर्टांचा स्विच, आणि त्याच्या माथी मारले जाणारे बिघाड

दोन डेस्कटॉप, एखादा लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही आणि बॅकअपसाठी एक नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी), एवढं सामान घरात जमलं की राउटरचे चार लॅन पोर्ट पुरत नाहीत. टीएल-एसजी१०८ हा अशा घरांसाठीचा साधा, अनमॅनेज्ड (काही सेट न करावा लागणारा) गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा स्विच. धातूचा डबा, आत पंखा नाही, सेटिंगचं पान नाही, पासवर्ड नाही. अडॅप्टर लावा, केबली खोचा, झालं. क्रॉस केबल (दोन टोकांना तारांचा क्रम उलटा असलेली) लागेल का, हा प्रश्नही उरत नाही. ते तो स्वतःच ओळखतो.

घेताना नाव मात्र अक्षर न् अक्षर वाचा. याच कंपनीचा एलएस१००८जी गिगाबिटचा आहे आणि एलएस१००८ फक्त १०० मेगाबिटचा. फरक शेवटच्या ‘जी’चा. एसएफ१००८डीसुद्धा १०० मेगाबिटचाच. दुकानात ‘आठ पोर्टचा द्या’ म्हटलं तर यातला कोणताही हातात पडू शकतो. एलएस१००८जी प्लॅस्टिकचा आहे, पण घरगुती कामाला वेगात उणा पडत नाही. तरी भिंतीवर स्क्रूने टांगायचा असेल किंवा बंद कपाटात ठेवायचा असेल, तर धातूचा बरा.

आता वेग. एकूण क्षमता १६ गिगाबिट, म्हणजे आठही पोर्ट दोन्ही दिशांनी एकदम भरले तरी तो अडत नाही. मोजायचं असेल तर दोन संगणकांवर आयपर्फ३ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम टाका, एकाला सर्व्हर करा आणि दुसऱ्यावरून त्याच्या आयपी पत्त्यावर चाचणी चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. वरचे साठेक मेगाबिट पॅकेटांच्या वेष्टणात जातात, ते कुठल्याच गिगाबिट स्विचवर मिळत नाहीत. मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या घरात दिसेल. हजारो छोटे फोटो कॉपी करताना वेग निम्म्याखाली आला तर तो दोष डिस्कचा आणि फाइल शेअरिंगचा, स्विचचा नव्हे.

आकडा ९४ वर अडकला की समजायचं, जोडणी १०० मेगाबिटवर घसरली आहे. बहुतेक वेळा गुन्हेगार केबल असते. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात. एक तार पिनेला नीट चावली नाही की जोडणी गुपचूप खालच्या वेगावर येते आणि नेट ‘चालू’ असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. काही वायरमन तर एकाच केबलमधून दोन कनेक्शनं काढून देतात. त्या केबलवर गिगाबिट कधीच येणार नाही.

प्लगमध्ये तारांचा क्रम ‘बी’चा (टी५६८बी या मानकाचा) ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या मध्ये निळी जोडी येते ते विचित्र दिसतं, म्हणून काही जण रंगाला रंग लावून सरळ क्रिंप करतात, म्हणजे प्लग दाबून बसवतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असला की स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल पास होते. पण ३ आणि ६ या पिनांचे सिग्नल आता एकमेकांभोवती न पिळलेल्या तारांतून जात असतात. दोन मीटरला चालून जातं. वीस मीटरला पॅकेटं गळतात. टेस्टर तार जोडलेली आहे एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे हे नाही. पीळही टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

केबल कॅट ६, निव्वळ तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते आणि वजनाला हलकी असते; तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती क्रिंप करताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. भिंतीतल्या कडक केबलला थेट प्लग लावण्यापेक्षा दोन्ही टोकांना आयओ बॉक्स (भिंतीवरचं नेटवर्क सॉकेट) बसवून तिथून स्विचपर्यंत तयार पॅच कॉर्ड वापरा. जुन्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिशियन ‘लाइटच्याच पाइपातून ओढून देतो’ म्हणतो. नको म्हणा. २३० व्होल्टच्या तारेशेजारी डेटा केबल नेणं वेगासाठी वाईट आणि जिवासाठी त्याहून वाईट. शेजारच्या बंगलीत किंवा गच्चीवरून बाहेर केबल न्यायची असेल तर तिथे तांबं टाळून फायबर टाका. वळवाच्या विजांत पोर्ट जळतात ते बहुधा अशाच केबलींमुळे.

जोडणीचा एक नियम पाळा: एकमेकांशी बोलणारे सगळे संगणक स्विचवर, राउटरला स्विचमधून एकच केबल. नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डबीवर बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १०० मेगाबिटचे असतात. संगणक त्यांवर विखरून लावले तर आपापसातली कॉपीही रांगते. स्विचवर लावल्यास घरातली वाहतूक डबीपर्यंत जातच नाही. ती केबल १०० ची असली तरी फक्त इंटरनेट तेवढ्यावर थांबतं. जुना १०० मेगाबिटचा प्रिंटर एका पोर्टवर असला म्हणून बाकीचे मंदावत नाहीत, ही भीतीही सोडा.

या स्विचमध्ये लूप ओळखायची सोय नाही. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्यातच खोचली, किंवा राउटरला ‘दुप्पट वेग मिळेल’ म्हणून दोन केबली नेल्या, की काही सेकंदांत सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरभर नेट बंद पडतं. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी.

जुना राउटर वायफायसाठी दुसऱ्या खोलीत लावणार असाल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पोर्टात घातली की त्याच्यामागचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कात जातो: नेट चालतं, प्रिंटर दिसत नाही. डीएचसीपी तसाच सुरू राहिला तर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि कधी चालतं, कधी नाही असा वैताग होतो. नॅस आणि प्रिंटरला मुख्य राउटरमध्येच कायमचा पत्ता राखून ठेवा.

यानंतरही विंडोजचे संगणक एकमेकांना दिसत नसतील तर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का ते बघा; ‘पब्लिक’वर शेअरिंग बंद असतं. होमग्रुप शोधू नका, तो विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीतच काढून टाकला. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश नाकारते. जुन्या नॅसचं फोल्डर त्यानंतर अचानक उघडेनासं झालं तर नॅसवर रीतसर नाव-पासवर्डाचं खातं काढा. विंडोजची सुरक्षा ढिली करून प्रश्न सुटतो, पण तो मार्ग कशाला?

वीज गेल्यावर मिनी यूपीएसवर चालवायचा विचार असेल तर खपत अगदी कमी आहे. पण व्होल्टेज डब्यावर वाचूनच वायर लावा. याच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्यांचे अडॅप्टर वेगवेगळे आहेत आणि पिन राउटरसारखीच दिसते. १२ व्होल्ट त्यात घातले तर गेला.

केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा छतावरचा ॲक्सेस पॉइंट लावायचा असेल तर हा स्विच उपयोगाचा नाही. यात पीओई नाही. पाहुण्यांचं किंवा कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं करायचं असेल तर थोडे जास्त देऊन एसजी१०८ई घ्या, त्यात व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करायची सोय) आहे आणि लूप रोखायची सोयही. नॅस आणि संगणक दोन्हींना २.५ गिगाबिटचे पोर्ट असतील तर त्याच मालिकेतला एसजी१०८-एम२ बघा. त्यासाठी भिंत पुन्हा फोडावी लागत नाही; २.५ गिगाबिट चांगल्या कॅट ५ई केबलवरही १०० मीटरपर्यंत चालतं.