कौन्सिलचं वसुलीपत्र: फेरविचार, थेट अपील की हप्ते?

‘तुम्हाला हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत) जास्त दिलं गेलं, ते परत करा’ असं इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, स्थानिक कौन्सिलचं पत्र आलं की आपल्या घरांत बहुधा एकच विचार होतो: सरकारी कचेरीशी वाद नको, भरून टाकू. ज्येष्ठ मंडळी तर मुलांनाही सांगत नाहीत. आता हाउसिंग बेनिफिट मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांनाच मिळतं, त्यामुळे असं पत्र बहुतेक वेळा त्यांच्याच नावाने येतं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की आकडा तपासल्याशिवाय एक पौंडही कबूल करू नका. चूक आपली असली तरी मागितलेली रक्कम बरोबर असतेच असं नाही.

हे सगळं इंग्लंडपुरतं लिहितो आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधले काही मार्ग वेगळे आहेत.

आधी बघा, पैसे कशाचे मागितलेत

एकाच पाकिटात हाउसिंग बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) अशा दोन मागण्या असू शकतात आणि दोन्हींचे रस्ते वेगळे असतात. हाउसिंग बेनिफिटचा वाद फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे कौन्सिलपासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे जातो. कौन्सिल टॅक्स बेनिफिट एप्रिल 2013 मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी प्रत्येक कौन्सिलची स्वतःची कौन्सिल टॅक्स सवलत आली. तिचा वाद व्हॅल्युएशन ट्रायब्युनल या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातो. एकाच अर्जात दोन्ही लिहून मोकळं झालं की कौन्सिल टॅक्सचा भाग बाजूला पडून राहतो. दोन मागण्या असतील तर पत्रंही दोन लिहा.

युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी मदतीतला घरभाड्याचा भाग परत मागितला असेल तर बाजू लंगडी आहे. तिथे चूक पूर्णपणे सरकारी खात्याची असली तरी कायद्याने पैसे परत मागता येतात. आकडा चुकीचा असेल तर भांडता येतं. नाहीतर अडचण मांडून माफी मागायची, इतकंच हातात राहतं. हाउसिंग बेनिफिटमध्ये मात्र सरकारी चुकीचा बचाव अजून शाबूत आहे.

‘चूक तुमची’ की ‘आकडा चुकीचा’?

लढायच्या दोन बाजू आहेत. बहुतेक जण पहिल्याच बाजूवर सगळा जोर लावतात. मला दुसरी जास्त भरवशाची वाटते.

पहिली बाजू सरकारी चुकीची. कौन्सिलने, डीडब्ल्यूपीने (पेन्शन आणि बेनिफिट बघणारं सरकारी खातं) किंवा कर खात्याने चूक केली, त्या चुकीला तुमचा हातभार नव्हता, आणि पैसे घेताना ते जास्त येत आहेत हे तुम्हाला समजण्यासारखं नव्हतं, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच वसुली होत नाही. अडकतं ते तिसऱ्या अटीवर. निर्णयाच्या जुन्या पत्रात तुमचं उत्पन्न म्हणून धरलेला आकडा छापलेला असतो. तो उघड चुकीचा असेल तर कौन्सिल म्हणणार, पत्र वाचलं असतंत तर कळलं असतं. इंग्रजी कमी येतं, तब्येत बरी नव्हती, हिशेब किचकट होता, हे सगळं इथे मांडता येतं आणि मांडायलाच हवं. दुसरी अडचण अशी की अनेकांनी बदल जॉबसेंटरला किंवा पेन्शनच्या कार्यालयाला कळवलेला असतो आणि कौन्सिलला तो आपोआप कळला असं समजलेलं असतं. कौन्सिलला वेगळं कळवणं ही आपलीच जबाबदारी धरली जाते.

दुसरी बाजू हिशेबाची. बदल वेळेवर कळवला असता तर त्या काळात तुम्हाला जेवढं बेनिफिट मिळालंच असतं, तेवढं वसुलीतून वजा करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. समजुतीसाठी आकडे धरू. आठवड्याला 140 पौंड मिळत होते. मुलगा नोकरीला लागला, घरीच राहतो (अशा कमावत्या मुलामुळे बेनिफिटमधून कपात होते), आणि ते कळवायचं राहिलं. कौन्सिलने 30 आठवड्यांचा दावाच रद्द केला आणि 4,200 पौंड मागितले. पण मुलामुळे आठवड्याला फक्त 40 पौंड कपात व्हायला हवी होती असं निघालं, तर खरी जादा रक्कम 1,200 पौंड. बाकीचे 3,000 तुमच्या हक्काचेच होते. चूक कबूल करूनही हा मुद्दा जिंकता येतो. मात्र त्या काळाच्या पे-स्लिप आणि बँकेची स्टेटमेंट तुम्हीच द्यायची. मुलाच्या पगाराचा पुरावा दिला नाही तर कौन्सिल सर्वांत मोठी कपात धरू शकते.

आपल्या घरांत हा प्रसंग फार येतो, कारण मोठी मुलं आईवडिलांबरोबर राहतात. म्हणून हेही तपासा: मुलगी पूर्णवेळ शिकत होती का? तुम्हाला किंवा तुमच्या जोडीदाराला अटेंडन्स अलाउन्स (आजारी किंवा अपंग ज्येष्ठांसाठीचा भत्ता) मिळत होता का? तसं असेल तर ही कपात बहुधा होतच नाही. भारतातून काही आठवड्यांसाठी आलेली बहीण किंवा आई ही पाहुणी असते, तुमच्या घरी कायम राहणारी नसते. तिच्यामुळे कपात लावली असेल तर तिचं परतीचं तिकीट जोडा.

तसाच प्रश्न भारतातल्या ठेवींचा आणि घराचा. पुण्यातला फ्लॅट किंवा बँकेतली मुदत ठेव इथल्या नियमांत बचत म्हणून धरली जाते. 16,000 पौंडांच्या वर बचत असेल तर साधारणपणे हाउसिंग बेनिफिट मिळत नाही, मात्र पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांची मदत) गॅरंटी भाग मिळणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही. घराच्या बाजारभावातून विक्रीखर्चापोटी त्या भावाचे 10 टक्के आणि घरावरचं कर्ज वजा होतं. वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तर पूर्ण घराची किंमत भागून चालत नाही. तुमचा हिस्साच विकायला काढला तर किती येतील, हे बघायचं असतं. भाऊ राहत असलेल्या घरातला एक हिस्सा कोण किती भावाने घेईल, याचा स्थानिक मूल्यांकनकाराकडून कागद आणा. शिवाय बचतीमुळे झालेली वसुली लांबलचक काळाची असेल, तर दर 13 आठवड्यांनी तोवर जास्त दिलेली रक्कम बचतीतून वजा धरून पुढचा हिशेब करायचा असतो. हे कौन्सिलने केलं आहे का, ते विचाराच.

फेरविचार की थेट अपील?

दोन्हींसाठी मुदत निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून एक महिना. फेरविचारात कौन्सिलच आपला निर्णय पुन्हा तपासते. काम साधं असेल, जसं की एखादी पे-स्लिप पोहोचली नव्हती किंवा तारीख चुकली, तर हा मार्ग लवकर संपतो. त्याला नकार आला तर नकाराच्या पत्रापासून अपिलाचा नवा महिना मिळतो, पण फेरविचार मुदतीत मागितलेला असेल तरच. उशिरा मागितलेल्या फेरविचाराला नकार आला तर पुढचं दार उघडं राहील याची खात्री नाही.

हाउसिंग बेनिफिटमध्ये फेरविचार न मागताही थेट अपील करता येतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ही सोय नाही. अपील लेखी, सही करून कौन्सिलकडेच पाठवायचं. कौन्सिल आधी निर्णय पुन्हा बघते आणि बदलला नाही तर प्रकरण ट्रायब्युनलकडे पाठवते. म्हणजे अपिलात फेरविचार आलाच, आणि तारीखही पक्की झाली. म्हणूनच वाद ‘समजण्यासारखं होतं का’ या प्रश्नाचा असेल, किंवा रक्कम मोठी असेल, तर मी थेट अपिलाच्या बाजूने आहे. कौन्सिलचा माणूस स्वतःच्या खात्याची चूक क्वचितच कबूल करतो. ट्रायब्युनलचा न्यायाधीश तुमचं तोंडी ऐकून घेतो, आणि ‘मला हे खरंच कळलं नव्हतं’ हे कागदापेक्षा समोरासमोर पटतं. फी नाही, हरलात तरी समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही, मागितला तर दुभाषी मोफत मिळतो. मराठी दुभाषी हवा असेल तर तसं आधीच लिहा.

यात दोन खाचखळगे आहेत. ट्रायब्युनल सगळं प्रकरण नव्याने बघू शकतं, त्यामुळे रक्कम वाढण्याचाही धोका असतो. आणि कौन्सिलने मधेच थोडा फायद्याचा नवा निर्णय दिला तर जुनं अपील संपतं. उरलेल्या रकमेसाठी नवीन अपील करावं लागतं, आणि इथे बरेच जण ‘प्रकरण चालूच आहे’ समजून थांबतात. कौन्सिलने प्रकरण पुढे पाठवायला महिने लावले तर लेखी विचारत राहा. त्याची वेगळी तक्रार ओंबड्समनकडे, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जाते.

महिना उलटून गेला असेल तरी कारण सबळ असल्यास उशिराचं अपील घेतलं जाऊ शकतं, पण 13 महिन्यांनंतर दार जवळपास बंद. आजारपण, रुग्णालय, घरातला मृत्यू, पत्र जुन्या पत्त्यावर जाणं, जे खरं असेल ते पुराव्यासह लिहा. काहीही निवडा, पण त्याच आठवड्यात कौन्सिलकडे तुमच्या फाइलची आणि फोनच्या नोंदींची प्रत मागा. ती मोफत असते आणि साधारण महिनाभरात द्यावी लागते. तुम्ही मार्चमध्ये फोन केला होतात हे सिद्ध करणारी ओळ कधीकधी त्याच नोंदीत सापडते.

कौन्सिल टॅक्सचा भाग

इथे जादा सवलत वेगळी वसूल होत नाही, ती बिलात चढते. आधी कौन्सिलला लेखी हरकत घ्यायची. तिला उत्तरासाठी दोन महिने असतात. उत्तरापासून दोन महिन्यांत, आणि उत्तरच आलं नाही तर पहिल्या पत्रापासून चार महिन्यांत, व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे जायचं. सरकारी चुकीने जादा दिलेली सवलत परत घेता येते का, हे त्या कौन्सिलच्या योजनेत लिहिलेलं असतं, म्हणून योजना मागवून वाचा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हरकत घेतल्याने बिल थांबत नाही. थकलं तर मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आदेश आणि पाठोपाठ बेलिफ (घरी येणारा वसुली अधिकारी). म्हणून भांडतानाच हप्ते बांधून घ्या. 1992 च्या कायद्यानुसार अडचणीत असलेल्याचं बिल कमी करण्याचा वेगळा अधिकार कौन्सिलकडे आहे, त्यासाठीही अर्ज करा.

न भांडता हप्ते

हिशेब तपासला, तो बरोबर निघाला, आणि चूकही आपलीच होती, तर हाच मार्ग योग्य. उत्पन्न-खर्चाचा कागद जोडून झेपेल तेवढा हप्ता मागा, आजारपण किंवा हलाखी असेल तर माफीही मागा. वसूल करणं कौन्सिलच्या मर्जीवर असतं, सक्तीचं नसतं. मात्र हप्ता किती असावा किंवा माफी नाकारली, यावर ट्रायब्युनलकडे जाता येत नाही. गप्प बसलात तर कोर्टाच्या आदेशाशिवायही पगारातून पैसे कापून घेण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. हाउसिंग बेनिफिटचं अपील चालू असेल तर तोवर वसुली थांबवा, असं त्याच पत्रात लिहा.

आणि एक. पत्रात ‘इंटरव्ह्यू अंडर कॉशन’ (ताकीद देऊन घेतला जाणारा जबाब) हे शब्द असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ती फसवणुकीची चौकशी असते. तिथे जाण्याआधी वकील गाठा, आणि वकील माहीत नसेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा जवळच्या लॉ सेंटरला (कायदेशीर मदत केंद्र) त्याच दिवशी फोन करा.