जुन्या औजारांच्या पेटीत माझे १८,३०० रुपये बुडाले, तुम्ही वेळीच सावध व्हा

जुनी औजारं ऑनलाइन बघून विकत घेणाऱ्या प्रत्येकानं हे वाचा. ज्यांना औजारं चांगली ओळखता येतात त्यांनी तर नक्कीच वाचा, कारण हा माणूस अशांनाच गाठतो. ज्याला रिंग पान्हा आणि फिक्स पान्हा यातला फरक माहीत नाही, तो त्याच्या जाहिरातीवर थांबतच नाही.

जाहिरातीत एवढंच होतं: वडील कारखान्यात फिटर होते, ते आता नाहीत, त्यांच्या औजारांची पेटी पडून आहे, मला यातलं काही कळत नाही, ज्याला उपयोग होईल त्यानं न्यावी. सोबत फोटो. एकाही औजाराचं नाव नाही. शाफ्टवरून बेअरिंग ओढून काढायच्या बेअरिंग पुलरला त्यानं 'तीन पायांचा चिमटा' लिहिलं होतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरला 'छोटा स्क्रू, अर्धगोल'. नट ठरलेल्या जोरानं आवळायच्या टॉर्क रेंचला 'लांब दांडा, मुठीवर आकडे'. मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, हातात रोज हीच औजारं असतात. फोटो मोठा करून बघितला आणि एकेक वस्तू ओळखत गेलो: शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर, वर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी), गोट्यांचा म्हणजे बोल्टवर बसणाऱ्या सॉकेटचा पूर्ण सेट, त्या फिरवायच्या रॅचेट मुठीसकट, आतल्या आणि बाहेरच्या सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीच्या) दोन वेगळ्या पकडी, भोकात आटे पाडायच्या टॅपचे सेट, फट मोजायचा फीलर गेज आणि लाल-पिवळ्या मुठीची इन्सुलेटेड पक्कड, जिच्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट हे स्पष्ट दिसत होतं.

मग मी काय केलं? त्याला मेसेजवर सगळी नावं लिहून पाठवली. "हा मायक्रोमीटर आहे ना? हा टॉर्क रेंच ना?" त्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच: "असेल दादा, तुम्हाला जास्त कळतं." हे वाक्य लक्षात ठेवा. कुणी तुम्हाला असं म्हणालं की तिथल्या तिथे थांबा आणि वस्तूचं नाव त्याला स्वतःच्या हातानं लिहायला लावा. तो लिहिणार नसेल तर व्यवहार करू नका. यातला डाव मला फार उशिरा समजला.

कुणी म्हणेल, अडाणी माणूस बघून स्वस्तात लाटायला गेला. तसं नाही. मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच वेगळे विकलेत तर जास्त पैसे मिळतील, हे मीच त्याला सांगितलं होतं. मेसेज आहेत माझ्याकडे. त्यावर तो म्हणाला, वडिलांची पेटी फोडायची नाही, एकाच कारागिराच्या हातात जावी. यावर संशय घेणारा माणूस मला दाखवा.

त्यानं मागितले २१,००० रुपये. ठरले १४,२००. आधी ५,००० पाठवले, पेटी बांधल्याचा फोटो आल्यावर ९,२००. वाहतुकीचे १,३५०. त्यानंतर त्याला म्हणे माळ्यावर अजून एक लाकडी डबी सापडली, आत 'तसाच स्क्रू, मोठा'. म्हणजे पंचवीस ते पन्नासचा मायक्रोमीटर, शेजारी त्याचा शून्य तपासायचा दांडा. फोटो आला, मी २,७५० रुपये पाठवले. ती डबी आजतागायत आलेली नाही. एकूण १८,३००.

आता त्या क्षणाबद्दल, ज्यानं मला रात्री झोप लागत नाही. पैसे देण्याआधी मी टॉर्क रेंचचा व्हिडिओ मागितला होता. व्हिडिओ आला. त्यात एक हात टॉर्क रेंचला गोटी लावून चाकाचा नट सोडवत होता. सोडवत होता, आवळत नव्हता. पाठीमागे मोठ्यानं गाणं लागलेलं.

टॉर्क रेंच नट सोडवायला वापरतच नाहीत. मुठीवर आकडा लावायचा आणि नट आवळायचा. तेवढा जोर पोचला की आत 'टक्' होतं, हाताला झटका कळतो, तिथे थांबायचं. इंजिनच्या हेडचे बोल्ट, चाकाचे नट, जिथे कमी आवळलं तर सुटेल आणि जास्त आवळलं तर आटे जातील, तिथे हे औजार. जाम नट सोडवायला ब्रेकर बार म्हणजे साधा लांब दांडा असतो. टॉर्क रेंचनं जाम नट झटके देऊन सोडवले तर आतली मांडणी बिघडते. काम झाल्यावर स्प्रिंगवरचा ताण कमी व्हावा म्हणून आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा असतो. मला हे सगळं माहीत होतं. व्हिडिओ बघताना ते डोक्यात आलंही. आणि मी त्याला काय लिहिलं? "दादा, त्यानं नट सोडवू नका, खराब होईल." तो म्हणाला, "बघा, म्हणून तर विकतोय."

तिथे मला खटकायला हवं होतं. तो नट सोडवून का दाखवत होता? कारण आवळून दाखवला असता तर 'टक्' ऐकू यायला हवं होतं. ते होणारच नव्हतं. सोडवताना त्या आवाजाची कुणी वाट बघत नाही, आणि तरी कुणी कान दिलाच तर म्हणून वर गाणं. ज्याला औजारातलं काही कळत नाही असा माणूस एवढं नेमकं दाखवूच शकत नाही. त्याला टॉर्क रेंच आतून-बाहेरून माहीत होता. मी त्याचं अज्ञान बघत राहिलो, आणि ते त्यानं माझ्यासाठीच मांडलेलं होतं. पण मी म्हणतो, मयत बापाची औजारं विकणाऱ्या मुलाला कुणी कोर्टासारखे उलट प्रश्न विचारतं का?

पेटी आली. लांबून बघितलं तर फोटोतलीच. हातात घेतल्यावर एकेक उलगडत गेलं.

टॉर्क रेंचची मूठ फिरते, आकडा बदलतो, पण कुठल्याही आकड्यावर 'टक्' नाही. मायक्रोमीटरचं तोंड त्याच्या टोकाच्या छोट्या रॅचेट मुठीनं बंद केलं की शून्य दर वेळी वेगळ्या जागी, एकदा ०.०४, एकदा ०.०८ मिलिमीटरवर. शून्य नेहमी एकाच जागी सरकलेलं असेल तर चावीनं जुळवता येतं. भटकणारं शून्य जुळत नाही, ते औजार मोजमापातून बाद. म्हणून मायक्रोमीटर घेताना विकणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर तोंड पुसून पाच वेळा बंद-उघड करायला सांगा. वर्नियर असेल तर जबडे मिटवून उजेडासमोर धरायला लावा, फटीतून उजेड दिसला तर विषय संपला.

गोट्यांच्या सेटमध्ये तेरा मिलिमीटरच्या गोटीची जागा अर्ध्या इंचाच्या गोटीनं भरलेली, वरचा छाप घासून काढलेला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती तेराच्या बोल्टवर चढतच नाही. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टचं डोकं तेराचं असतं, म्हणजे सगळ्यात जास्त लागणारी गोटीच गायब. सतराची गोटी तर आतून एवढी झिजलेली की पहिल्याच बोल्टचे कोपरे गोल झाले. सगळ्यांवर 'क्रोम व्हॅनेडियम' (मजबूत पोलादाचा प्रकार) ठसठशीत. त्या छापावर जाऊ नका, छाप कशावरही मारता येतो. लोहचुंबक लावून बघा असं सांगणारेही भेटतील. चुंबक चिकटला नाही तर जस्ताचं ओतीव आहे हे कळतं, पण चिकटला म्हणून पोलाद चांगलं ठरत नाही, बिडालाही चुंबक चिकटतो.

टॅपच्या सेटमध्ये तीन टॅप, तिन्ही पहिलेच. पहिल्या टॅपचं टोक लांब निमुळतं असतं, दुसऱ्याचं कमी, तिसऱ्याचं जवळजवळ नाहीच. पुढून बंद असलेल्या भोकात तळापर्यंत आटे पाडायचे तर तिसरा लागतोच. फोटोत टोकं कापडाखाली होती. टॅपचा फोटो टोकाच्या बाजूनं मागा, नेहमी. सर्क्लिपच्या दोन्ही पकडी बाहेरच्या निघाल्या, म्हणजे मूठ दाबली की टोकं फाकतात. आतल्या सर्क्लिपसाठी मूठ दाबल्यावर टोकं जवळ यायला हवीत, नाहीतर बेअरिंगच्या घरातली सर्क्लिप निघणार कशी?

आणि ती इन्सुलेटेड पक्कड. यावर मी सगळ्यात जास्त संतापलो आहे. फोटोतल्या पकडीवर दोन त्रिकोण होते. आलेल्या पकडीवर साधं लाल रबर, नखानं ओढलं तर मुठीवरून सरकतं. खऱ्या इन्सुलेटेड औजारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असतात आणि त्यांची चाचणी १०,००० व्होल्टवर होते. साध्या पकडीची रबरी मूठ हात घसरू नये एवढ्यासाठी असते, करंट अडवण्यासाठी नाही. मी ती वापरण्याआधी ओढून बघितली म्हणून वाचलो. दुसरा कुणी तीच पक्कड घेऊन चालू लाइनला हात घालेल. हा पैशाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे, आणि हेच मी पुढे प्रत्येक टेबलासमोर ओरडून सांगितलं.

कुणी ऐकलं नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पार्सल मिळालंय ना, मग हा सायबरचा विषय नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर "दिवाणी वाद आहे." मी पेटी उघडून टेबलावर मांडली. फोटो शेजारी ठेवला. समोरच्या साहेबांनी एकदा फोटो बघितला, एकदा पेटी. "सगळं तेच तर आहे. पान्हे आहेत, पक्कड आहे, लाल मुठीचीच आहे." मायक्रोमीटर उघडून दाखवला तर विचारलं, "०.०८ मिलिमीटरसाठी तक्रार करताय?" शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसणार की सैल फिरणार हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांवर ठरतं. हे सांगायला लागलो तर पुढच्या माणसाला बोलावलं. अर्जाची पोच दिली त्यावर वस्तूचं वर्णन काय? 'लोखंडी पाने व इतर सामान, पेटी १.' एवढंच. माझ्या यादीचं पान त्यांनी अर्जाला जोडूनही घेतलं नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार तुमच्या संमतीनं झालाय. जाहिरात जिथे होती तिथे कळवलं तर तयार उत्तर आलं की खरेदीआधी वस्तू नीट तपासावी. ग्राहक तक्रारीसाठी विचारलं तर म्हणे विकणारा व्यापारी नाही, घरातली जुनी वस्तू विकलीय, आमच्याकडे बसत नाही. म्हणजे कुणाकडेच बसत नाही. जो माणूस स्वतःला दुकानदार म्हणवत नाही आणि वस्तूचं नाव लिहीत नाही, त्याला हात लावायला कुणीही तयार नाही.

तो डाव इथे उघडा पडला. विकणाऱ्याला फोन गेला तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं, "मी मायक्रोमीटर म्हणालोच नाही, हे गृहस्थ म्हणाले. मला तर काही कळत नाही." मेसेज वाचले तर खरंच, एकूण एक नाव माझ्या हातचं. त्यामुळे पुन्हा सांगतो: नाव, माप आणि स्थिती त्याच्याकडून लिहून घ्या. "शून्य ते पंचवीस मायक्रोमीटर, चालू स्थितीत" असं त्याच्या मेसेजमध्ये पाहिजे. तपासणीचं प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरचा अनुक्रमांक औजारावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. आलेलं पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नव्हता आणि तो नाही म्हणून मला तीन ठिकाणी परत पाठवलं. 'माळ्यावर अजून एक सापडलं' असं ऐकलंत की पहिलं हातात येईपर्यंत एक रुपया पाठवू नका.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावानं परत लागली आहे, या वेळी औजारं आजोबांची आहेत. मी ती तक्रारीत जोडली, अजून काढलेली नाही. फोटो तेच आहेत, ओळखायला सोपे: पुलरच्या एका पायावर लाल ऑइलपेंटचा पट्टा, रॅचेटच्या मुठीला निळी चिकटपट्टी, आणि टॅपच्या टोकांवर टाकलेलं चौकड्यांचं कापड. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका, जाहिरातीची लिंक आणि तारीख जपून ठेवा आणि तुमचीही तक्रार नोंदवा, त्यात प्रत्येक औजाराचं नाव आणि बिघाड स्वतः लिहून.