प्रिंटर दुरुस्त करून देतो म्हणाले आणि मुदत ठेव घेऊन गेले

साताऱ्यात राहणारे माझे आतोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचे चिटणीसपद सध्या त्यांच्याकडे आहे. वार्षिक सभेची सूचना छापायला घेतली असता त्यांचा प्रिंटर अडला आणि तेथून सुरू झालेला प्रकार त्यांच्या एक लाखाच्या मुदत ठेवीवर येऊन थांबला. मी पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून नोकरी करतो. प्रकार उघडकीला आल्यावर त्यांचा लॅपटॉप, बँकेचा खातेउतारा आणि फोनमधले संदेश मी स्वतः तपासले. त्यांच्याच सांगण्यावरून हे लिहीत आहे, कारण यात वापरलेली एकही युक्ती तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही, आणि तरीही जन्मभर हिशेब चोख ठेवलेल्या माणसावर ती चालली.

प्रिंटरच्या कंपनीचे नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असे शब्द त्यांनी इंटरनेटवरच्या शोधात टाकले आणि सर्वांत वर जे आले त्यावर क्लिक केले. अशा ओळीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते, म्हणजे ती जागा कोणीतरी पैसे भरून घेतलेली असते. तो कोणीतरी कंपनीच आहे याची खात्री त्यावरून होत नाही. उघडलेल्या पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते आणि प्रिंटरचे मॉडेल लिहिण्यासाठी एक चौकट होती. मॉडेल लिहिताच हिरवी पट्टी भरू लागली, शेवटाशी येऊन अडली, तांबड्या अक्षरांत त्रुटीचा एक क्रमांक आला आणि त्याखाली मदतीसाठी फोन नंबर झळकला.

हे पान नंतर मी उघडून पाहिले. मॉडेलच्या चौकटीत 'पोळपाट' असे लिहिले, तर पोळपाटाचाही ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून बसवायचा प्रोग्राम, सापडला आणि तो बसवताना पट्टी नेमकी त्याच ठिकाणी अडून तीच त्रुटी आली. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा मूळ कोड, वाचला तेव्हा त्यात ड्रायव्हरची फाइल नव्हतीच. ठरावीक सेकंदांनी पुढे सरकणारी पट्टी आणि एक फोन नंबर, एवढाच त्या पानाचा ऐवज होता. वेबपत्त्यात सुरुवातीचे 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, 'डॉट कॉम'ला लागून जे नाव असते ते त्या जागेच्या मालकाचे असते. येथे त्या जागी कंपनीचे नाव, जोडरेघ, 'सपोर्ट', जोडरेघ, 'इंडिया' अशी मालगाडी होती, आणि असे नाव कोणीही काही शे रुपयांत नोंदवू शकतो. मदतीचा खरा क्रमांक खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या कंपनीच्या पानावर पाहावा.

फोन उचलणारा माणूस शुद्ध हिंदीत, अतिशय नम्रपणे बोलत होता. त्याने दूरस्थ नियंत्रणाचे एक ॲप बसवायला सांगितले. असे ॲप आम्हीही कामात नेहमी वापरतो आणि ते मुळात वाईट नाही. परंतु पडद्यावर दिसणारा क्रमांक समोरच्याला सांगून परवानगीचे बटण दाबले की आपला माउस, कीबोर्ड आणि उघडी असलेली प्रत्येक खिडकी त्याच्या ताब्यात जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते.

यानंतर त्याने प्रिंटरकडे पाहिलेदेखील नाही. त्याने विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला आणि तांबड्या-पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी दाखवून सांगितले की हे सगळे व्हायरस आहेत आणि त्यांनीच प्रिंटर अडवला आहे. वस्तुस्थिती अशी की इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजवही आहे. एखादी सेवा सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला, नेटवर्क तुटून पुन्हा जोडले गेले, तरी तिच्यात नोंद पडते, आणि कालच विकत आणलेल्या निरोगी संगणकातही अशा नोंदी आढळतात. आतोबांच्या यादीत सर्वाधिक वेळा आलेली नोंद 'डिस्ट्रिब्युटेड कॉम' या विंडोजच्याच एका अंतर्गत भागाची, १००१६ क्रमांकाची होती. या नोंदीकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवले आहे.

दुसरी युक्ती मला अधिक धूर्त वाटली. 'मी कंपनीचा माणूस आहे हे तुम्हांला पटावे म्हणून तुमच्या संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक मी आधीच सांगतो,' असे म्हणून त्याने ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवला. मग काळ्या कमांड खिडकीत 'असोक' ही आज्ञा टाइप केली. यादी भराभर सरकत गेली आणि तळाशी तोच क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला. आतोबांचा विश्वास बसला तो या क्षणी. प्रत्यक्षात 'असोक' ही आज्ञा फाइलच्या नावाच्या शेवटी येणारी अक्षरे कोणत्या प्रकारच्या फाइलची याची यादी दाखवते आणि तो क्रमांक 'सेंड टू' या मेन्यूतील एका अंतर्गत घटकाचा आहे. माझ्या लॅपटॉपवर तो तसाच आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे विंडोज वापरतात त्यांच्याकडेही तसाच असेल. समोरच्याला त्याचीच चीजवस्तू दाखवून तिचा भलताच अर्थ सांगायचा, ही या संपूर्ण फसवणुकीची रीत आहे. संगणकात खोटे काही घालावे लागत नाही. जे आहे त्याचा अर्थ सांगणारा माणूस तेवढा खोटा असावा लागतो.

तीन वर्षांच्या 'सुरक्षा योजने'चे ४,९९९ रुपये त्या दिवशी यूपीआयने गेले. जाता जाता त्याने प्रिंटरही चालू करून दिला, आणि म्हणूनच कोणाला संशय आला नाही.

काही दिवसांनी त्याच लोकांचा पुन्हा फोन आला. कंपनी महाराष्ट्रातील काम बंद करत आहे, त्यामुळे ४,९९९ रुपये परत करायचे आहेत, असे सांगण्यात आले. पैसे मागणाऱ्याबद्दल माणूस सावध असतो, पण पैसे परत द्यायला निघालेल्याबद्दल सावध राहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आतोबांनी पुन्हा जोडणी दिली आणि 'रक्कम जमा झाल्याचे तुम्हीच डोळ्यांनी पाहा' या आग्रहावरून नेटबँकिंगही उघडले. तेवढ्यात पडदा काळा झाला. या प्रकारच्या काही ॲपमध्ये समोरच्याचा पडदा झाकून काम करण्याची सोय असते. 'सर्व्हरशी जोडणी होत आहे, लॅपटॉपला हात लावू नका,' असे त्यांना सांगण्यात आले.

पडदा परत आला तेव्हा बचत खात्यातील शिल्लक १,०३,४१२ रुपयांनी वाढलेली होती. फोनवरचा माणूस रडवेला झाला. आकडा चुकला, जास्तीचे ९८,४१३ रुपये ताबडतोब परत केले नाहीत तर माझी नोकरी जाईल, माझ्या घरी लहान मुले आहेत, अशी विनवणी त्याने सुरू केली. दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात घटकाभरही राहू नये अशा वृत्तीचे आतोबा. त्यांनी त्याने दिलेल्या खात्यावर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवर आलेला ओटीपी टाकून, आयएमपीएस या तत्काळ पैसे पाठवण्याच्या सेवेने रक्कम पाठवली.

ती वाढलेली शिल्लक त्यांचीच होती. पडदा काळा असताना त्या माणसाने त्यांची एक लाखाची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडून व्याजासह बचत खात्यात वळवली होती. आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात रक्कम नेण्यास त्या बँकेत ओटीपी लागत नव्हता. खातेउताऱ्यात त्या रकमेपुढे तपशिलाच्या रकान्यात ठेवीचा क्रमांक स्पष्ट छापलेला होता आणि ठेव बंद झाल्याचा संदेशही फोनवर आला होता. परंतु संदेश इंग्रजीत होता आणि फोन कानाला लावलेला होता. ज्यांच्याकडे मोडण्यासारखी ठेव नसते त्यांच्याबाबत ही मंडळी याहून सोपा मार्ग धरतात. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबले की आम्हा डेव्हलपर लोकांची तपासणीची खिडकी उघडते आणि पानावर दिसणारा कोणताही आकडा तेथे बदलता येतो. बदल फक्त त्या पडद्यापुरता असतो, बँकेच्या नोंदीत काहीही होत नाही आणि पान पुन्हा लोड केले की जुना आकडा परत येतो. अनपेक्षित रक्कम जमा झालेली दिसली तर समोरच्याचा फोन ठेवून पासबुक भरून घ्यावे किंवा दुसऱ्या उपकरणावरून शिल्लक पाहावी. चुकून आलेला पैसा परत करण्याचे काम बँकेमार्फत होते आणि त्याला चार दिवस लागले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

संध्याकाळी नातीने तो संदेश वाचला आणि त्या रात्रीच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली. तेथे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपले खाते हे तपशील विचारतात आणि ती माहिती पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे पोहोचवून खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवले जाते. म्हणून येथे तासांना किंमत आहे. आमच्या बाबतीत ३१,००० रुपये अडकवता आले. उरलेले तोवर पुढच्या खात्यांत पांगले होते. सविस्तर तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर भरली आणि पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी या, संगणकाचा वापर करून तोतयेगिरीने फसवण्याच्या, कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. गोठवलेली रक्कम हाती येण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत आहे.

बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. परंतु येथे पैसे खातेदाराने स्वतः, ओटीपी टाकून पाठवले आहेत, तेव्हा व्यवहार अनधिकृत नाही, अशी बँकेची भूमिका आहे. फसवणारे लोक ओटीपी विचारून घेण्याऐवजी ग्राहकालाच पैसे पाठवायला लावतात, त्याचा त्यांना होणारा फायदा येथे दिसतो. ठेव मोडण्याचा व्यवहार मात्र आतोबांनी केलेला नव्हता आणि तो मुद्दा आम्ही लेखी तक्रारीत वेगळा मांडला आहे.

लॅपटॉप हाती येताच मी आधी वायफाय बंद केले आणि काहीही पुसण्यापूर्वी पुरावे काढून घेतले. त्या ॲपच्या फोल्डरात बाहेरून झालेल्या प्रत्येक जोडणीची तारीख, वेळ आणि समोरच्याचा क्रमांक लिहून ठेवणारी एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात आतोबांना ठाऊक असलेल्या दोन जोडण्यांच्या मध्ये, रात्री दोनच्या सुमाराची आणखी एक जोडणी होती. पहिल्या दिवशीच त्याने ॲपमध्ये कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता, त्यामुळे लॅपटॉप चालू असला की कोणाच्या परवानगीवाचून त्याला आत शिरता येत होते. ठेवीची माहिती त्याला कोठून मिळाली, या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. डेस्कटॉपवर 'गुंतवणूक' नावाची एक्सेल फाइल होती. तेव्हा केवळ ॲप काढून टाकून भागत नाही. महत्त्वाची कागदपत्रे बाजूला काढून विंडोज नव्याने बसवावे, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड त्याच्या हाती गेले असे धरून चालावे, आणि नेटबँकिंगमधील लाभार्थींची यादी व आलेले ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवण्याचे नियम उघडून पाहावेत. आतोबांच्या लाभार्थींच्या यादीत दोन अनोळखी नावे होती.

राहिला प्रिंटर. विंडोजमध्ये छापण्याची कामे 'प्रिंट स्पूलर' नावाची सेवा रांगेत लावते आणि एखादी फाइल अर्धवट अडकली की तिच्यामागची सर्व कामे तुंबतात. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ही सेवा थांबवायची, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरातील 'स्पूल' फोल्डरात जो 'प्रिंटर्स' नावाचा फोल्डर असतो फक्त त्यातील फाइली पुसायच्या आणि सेवा पुन्हा सुरू करायची, एवढाच तो उपाय आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या दिवशीची स्पूलर थांबवून पुन्हा सुरू केल्याची नोंद आहे. ४,९९९ रुपये घेऊन त्याने केलेले एकमेव खरे काम ते.

ही माहिती लिहीत असतानाच आतोबांना आणखी एक फोन येऊन गेला. बोलणारा स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता, त्याला तक्रारीतील रक्कम बरोबर ठाऊक होती, आणि पूर्ण पैसे मिळवून देण्यासाठी साडेतीन हजार रुपये 'प्रक्रिया शुल्क' आगाऊ भरावे, असे त्याचे म्हणणे होते. एकदा फसलेल्यांचे फोन नंबर या धंद्यात पुढे विकले जातात किंवा तीच टोळी दुसरा वेश घेऊन येते. १९३० वर, पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रारीसाठी कोणतेही शुल्क लागत नाही. आतोबांनी त्या माणसाला साताऱ्याच्या पोलीस ठाण्यात समक्ष येऊन पावती देण्यास सांगितले, तेव्हा फोन बंद झाला. तो क्रमांकही आम्ही तक्रारीला जोडला आहे.