तळघरातलं पुराचं पाणी काढायला इंजिन घ्यावं की मड पंप?

गल्लीतलं पाणी उतरलंय, तळघरात मात्र अजून छातीएवढं आहे. भाड्यानं पंप द्यायला दोघं तयार आहेत. एकाकडे पेट्रोलवरचं इंजिन आहे, म्हणजे वर ठेवून पाइपानं पाणी ओढणारा पंप; दुसऱ्याकडे मड पंप, म्हणजे गाळ-पाण्यात बुडवून चालवायचा विजेवरचा पंप, आणि सोबत जनरेटर. कुणाला बोलवायचं? ओळखीतले बरेच जण हे विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आमचं घर कोल्हापुरात, रमणमळ्याच्या बाजूला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्याजवळ २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर, त्यामुळे आमच्या तळघराचं काय झालं हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पहिल्या पुरानंतर आम्ही इंजिनानं पाणी काढलं, दुसऱ्यानंतर मड पंपानं. तळघर दोन्ही वेळा रिकामं झालं. कुठला पंप किती एचपीचा आणि किती इंची, हे भाड्यानं देणारा सांगेलच. मी लिहितोय ते दोन्ही वापरल्यावर जे जाणवलं त्याबद्दल.

आधी एक गोष्ट, कारण माझा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. तळघरातलं पाणी एका दमात काढायचं नसतं. रस्ता कोरडा दिसला म्हणून जमीन कोरडी झालेली नसते. नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी तळघराच्या भिंतींना बाहेरून रेटत राहतं. आठ फूट खोल तळघराच्या भोवतीची माती वरपर्यंत भिजली असेल, तर भिंतीच्या तळाशी नुसत्या पाण्याचाच दाब दर चौरस मीटरला साधारण अडीच टनांच्या घरात जातो, मातीचा वेगळाच. आतलं पाणी त्या भिंतीला आतून टेकू देत असतं. तो टेकू एका दुपारीत काढून घेतला तर भिंत आत फुगते, तडकते, कधी फरशी खालून उचलली जाते. जुन्या पेठांतल्या दगड-चुन्याच्या तळघरांना हा धोका जास्त. आरसीसी भिंत जरा सोसते, पण तिलाही मर्यादा आहेच.

म्हणून पद्धत अशी: पहिल्या दिवशी फूटभर पाणी काढायचं, भिंतीवर खडूनं किंवा रंगानं खूण करायची आणि रात्र जाऊ द्यायची. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर ते बाहेरून झिरपतंय. मग थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फूटभर काढून बघायचं. खुणेवरच राहिलं असेल तर रोज दोन-तीन फूट काढायला हरकत नाही. भूमिगत टाकीचंही तसंच आहे. भोवतीची जमीन चिंब असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर ती वर उचलली जाऊ शकते. तिचं पाणी पिण्यालायक नसतं हे खरं, पण टाकी धुण्याची घाई नको.

आता इंजिन. त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला वीज लागत नाही. पुराच्या भागात महावितरण पुरवठा बंद ठेवतं, तो ठेवायलाच हवा, आणि घरातलं वायरिंग तपासून होईपर्यंत आपणही तो चालू करू नये. अशा वेळी पेट्रोल ओतलं, दोरी ओढली की काम सुरू. बिघडलं तर उद्यमनगरात ते खोलून दुरुस्त करणारे हात भरपूर. शिवाय ताकद. हजार चौरस फुटांच्या तळघरात एक फूट पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. तीन इंची इंजिनानं आमच्याकडे एवढं पाणी तासाभरात काढलं. मड पंपाला त्याच कामाला दुपटीहून थोडा जास्तच वेळ लागला असेल. घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

पण पहिल्या दिवशी मुळात फूटभरच काढायचं असेल, तर तासात काढलं काय आणि अडीच तासांत काढलं काय! हा हिशेब आपण आधी करत नाही. भाड्यानं देणारा लिटरवर बोलतो आणि आपणही लिटरच ऐकतो.

माझ्यासाठी निर्णय झाला तो फूटव्हॉल्व्हवर. इंजिन वर अंगणात, पाणी ओढणारा सक्शनचा पाइप जिन्यावरून खाली आणि त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात गाळ, थर्माकोलचे गोळे, कडबा, पिशव्यांचे तुकडे, सगळं असतं. यातलं थोडं जरी झडपेत अडकलं की झडप बसत नाही आणि इंजिन बंद करताच पाइपातलं पाणी खाली निघून जातं. मग दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून. पाइप वर ओढा, झडप धुवा, परत सोडा, वरून पाणी भरा, इंजिन चालू करा. पाणी धरत नाही. कुठल्यातरी जोडातून हवा घेतंय. क्लॅम्प आवळा, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, परत पाणी भरा. नळाला पाणी नाही, कारण त्या पुरात शहराला पाणी देणारी बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. म्हणजे पंपात भरायचं पाणीही तळघरातूनच बादलीनं आणायचं, जिन्यावर घोट्याएवढ्या निसरड्या गाळातून.

हा ताप नुसत्या मेहनतीचा असता तर मी तो सोसला असता. त्याचा खरा परिणाम वेगळा होतो. इतक्या खटपटीनंतर इंजिनानं एकदा पाणी धरलं की ते बंद करावं असं कुणालाच वाटत नाही. इंजिन घेऊन आलेला माणूस आमच्या वडिलांना म्हणाला, "काका, आता धरलंय पाणी, तर काढून टाकूया की सगळं. बंद केलं तर उद्या परत हाच ताप." त्याचंही चूक नव्हतं. पुढच्या गल्लीत त्याची वाट बघत लोक थांबले होते. वडिलांनी ऐकलं नाही. खूण आली तिथं बंद करायला लावलं. सकाळी पाणी खुणेच्या वर चार बोटं चढलेलं होतं. बाहेरून रेटा किती होता ते त्या चार बोटांनी आम्हाला दाखवलं. त्यानंतर रोज सकाळी तीच झटापट झाली आणि रोज कुणीतरी म्हणालं, आज संपवूनच टाकूया.

ज्या पंपाला बंद करायची भीती वाटते, तो तळघरासाठी मला पटत नाही.

मड पंपात ही भानगडच नाही. दोरीनं खाली सोडायचा, जनरेटरला जोडायचा, बटण दाबायचं. पाण्यात बुडालेलाच असल्यामुळे पाणी भरणं, हवा घेणं, काही नाही. खूण आली की बंद, सकाळी परत चालू. २०२१ मध्ये आम्ही पाणी टप्प्याटप्प्यानं काढलं आणि थांबायला कुणाची कुरकुर झाली नाही. पंप आमच्याकडेच होता, रोजाच्या भाड्यानं, त्यामुळे कुणाचा माणूस खोळंबला नव्हता. मऊ गाळ आणि बारीक कचरा तो पाण्याबरोबरच फेकतो.

दोष याच्यातही आहेत. जनरेटर नसेल तर मड पंपाचा काही उपयोग नाही, आणि पुराच्या आठवड्यात जनरेटर मिळणं पंप मिळण्यापेक्षा अवघड. एक एचपीच्या मोटरीला तीन केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो, कारण सुरू होताना मोटर कित्येक पट करंट ओढते. दिवे-पंख्यांसाठीचा लहान जनरेटर तिथं मान टाकतो. पंप थेट गाळात टेकवला की रुतून गुदमरतो, म्हणून तो भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवून सोडावा. पाणी पंपाच्या खाली गेल्यावर तो तसाच चालू राहिला तर तापतो, तेव्हा लक्ष हवं. भाडंही जनरेटर धरून इंजिनापेक्षा जास्तच पडतं. आणि शेतावरची पाणबुडी मोटर आहे की, तीच सोडू, असं म्हणू नका. ती स्वच्छ पाण्यासाठी असते, गाळानं आतून झिजते.

धोक्याच्या बाबतीत मात्र दोन्हींकडे सारखंच लक्ष द्यावं लागतं. मड पंप चालू असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही. केबलला मध्ये जोड नको, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच आणि पंप दोरीनं उचलायचा, केबलनं नाही. जनरेटर घराच्या बोर्डाला जोडू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततं. पंप थेट जनरेटरलाच जोडा. जनरेटर असो वा इंजिन, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, उघड्यावर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच कोसळतो. इथं मला इंजिनाची जास्त काळजी वाटते. ते वरून सात-साडेसात मीटरपेक्षा खालचं पाणी सहसा ओढू शकत नाही, आणि पाइप जुना असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे पाणी धरेना झालं की लोक इंजिनच जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणून ठेवतात. ते कधीही करू नका.

पंप येण्याआधीची कामं थोडक्यात. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि पाण्यात पाय न घालता हात पोचत असेल तरच बंद करा, नाहीतर महावितरणला सांगून खांबावरून तोडून घ्या. इन्व्हर्टर विसरू नका, बाहेरची वीज गेली तरी तो घरात करंट सोडत राहतो. आत शिरताना गमबूट, हातमोजे आणि हातात काठी, कारण साप आसरा शोधत आत आलेले असतात. गाडी बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका. काहीही हलवण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा, ते पंचनाम्याला आणि विम्याला दोन्हीकडे लागतात. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नका आणि गेला असाल तर लेप्टोसाठी (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा.

सक्शन टँकर हा तिसरा पर्याय काही जण सुचवतात. पाच हजार लिटरच्या टँकरला वर सांगितलेल्या एका फुटासाठी पाच-सहा खेपा लागतील, आणि शुक्रवार पेठेतल्या बोळात तो वळणार कुठं? शेवटचा घट्ट राडा ओढायला मात्र तो चांगला. अग्निशमन दलाला त्या दिवसांत माणसं आणि जनावरं बाहेर काढायची असतात. आपल्या तळघरासाठी त्यांना अडवू नये असं मला वाटतं.

इंजिन घ्यावं असे प्रसंगही आहेत. अपार्टमेंटचं पाच हजार चौरस फुटांचं पार्किंग, त्यात चार फूट पाणी, म्हणजे साडेपाच लाख लिटरच्या वर. भिंती आरसीसी, उताराचा रॅम्प आणि खूण करून पाहिल्यावर पातळी जागची हललेली नाही. तिथं एक एचपीचा मड पंप दोन दिवस घुमत बसेल, तीन इंची इंजिन लवकर मोकळं करेल. सेल्फ प्रायमिंग इंजिन (पाइपातली हवा स्वतःच काढून पाणी ओढणारं) आणि नवी, न चिरलेली होज मिळत असेल तर माझी निम्मी तक्रार आपोआप मिटते, हेही मान्य. पण बंगल्याचं किंवा वाड्याचं तळघर, जुनी भिंत आणि नदीपासून जवळची जमीन असेल, तर मी स्वतः जादा भाडं देऊन मड पंपच आणेन.

शेवटच्या वीतभर पाण्यातही तोच कामी येतो. इंजिन पाणी उथळ झालं की हवा घ्यायला लागतं. मड पंप कोपऱ्यातल्या खोलगट जागेत ठेवला आणि खराट्यानं गाळ-पाणी त्याच्याकडे लोटत राहिलं की बराचसा गाळ त्यातूनच जातो. हे ओल्यातच उरकायला हवं. काळा गाळ वाळला की फरशीला असा धरतो की पहारीनं खरवडावा लागतो. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिंती धुवायच्या आणि पाऊस नसेल तेव्हा सगळी दारं उघडी ठेवायची. रंग आणि प्लास्टरची घाई नको, भिंतीतली ओल बाहेर पडायला पावसाळा सरावा लागतो.

जनरेटरवाल्याशी जूनमध्येच बोलून ठेवलेलं बरं. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाल्यावर, म्हणजे नदीला मोठा पूर आल्यावर फोन केलात तर बहुतेक ठिकाणी "नाही" ऐकावं लागेल आणि मग इंजिनावरच भागवावं लागेल. तसं झालं तर फूटव्हॉल्व्ह भोकं पाडलेल्या बादलीत ठेवून वर मच्छरदाणीचं कापड बांधा, पंपात भरायला पाण्याचं एक पिंप अंगणात भरून ठेवा आणि इंजिनवाल्याशी भाडं ठरवतानाच सांगा की पहिल्या दिवशी फूटभरच काढायचंय, उद्या परत यावं लागेल.