दुसऱ्या ड्राइव्हला एनटीएफएस, एक्सफॅट की ईएक्सटी४? परमिशनच्या कटकटीवरून ठरवा

चतुर्थी जवळ आली की फोंड्याला आमच्याकडे घुमट आरतीची रेकॉर्डिंग, गेल्या वर्षीचे फोटो, जत्रेतल्या नाटकाचे व्हिडिओ सगळं एकाच डेस्कटॉपवर गोळा होतं, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकला, दुसरा ड्राइव्ह लावला, फाइली दिसतात पण कॉपी करायला गेलं की परमिशन डिनाइड. ड्राइव्ह अजून रिकामा असेल तर फॉर्मॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत (एनटीएफएस विंडोजची, ईएक्सटी४ लिनक्सची, एक्सफॅट दोन्हीकडे चालणारी), आत्ताच विचार करून निवडा.

फरक मालकीचा आहे. ईएक्सटी४ प्रत्येक फाइलचा मालक ड्राइव्हवरच लिहून ठेवतो, तोही नावाने नाही, नंबराने. उबुंटूत पहिल्या युजरचा नंबर १०००, पुढच्याचा १००१. म्हणून घरच्या पीसीवर धाकट्याच्या, म्हणजे १००१ नंबरच्या, लॉगिनमधून भरलेला ड्राइव्ह मामाच्या पीसीला लावला की तिथला १००० नंबरवाला युजर बघत बसतो, नाव तेच असलं तरी. इलाज सोपा आहे, सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) त्या ड्राइव्हच्या फोल्डरवर चाऊन ही मालक बदलायची कमांड चालवायची आणि मालक बदलायचा.

एक्सफॅटमध्ये हा मालक लिहायला जागाच नाही. तिथे चाऊन मारलं तर सुडोनेसुद्धा ऑपरेशन नॉट परमिटेड येतं आणि माणूस चिडून चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) करत सुटतो, प्लीज तसं करू नका, त्याने काही होत नाही. मालक माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडतानाच, ठरतो. फाइल मॅनेजरमधून क्लिक करून उघडला तर तो आपोआप तुमच्या नावावर येतो, पण एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठले ड्राइव्ह जोडायचे त्याची यादी असलेली फाइल) नुसती ओळ टाकली की रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या ॲडमिनच्या, नावावर जातो. त्या ओळीत यूआयडी=१००० (युजरचा नंबर), जीआयडी=१००० (ग्रुपचा नंबर), यूमास्क=०२२ (बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी) आणि नोफेल घाला (आपला नंबर आधी आयडी कमांडने बघा). नोफेल नसेल आणि ड्राइव्ह काढलेला असेल तर बूट होताना पीसी अडकू शकतो.

एनटीएफएसला विंडोजच्या स्वतःच्या परमिशन असतात, पण घरगुती वापरात लिनक्सवर तोही असाच माउंटच्या ऑप्शनवर चालवतात. त्याचं खरं दुखणं वेगळंच. मेसेज नीट वाचा, रीड-ओन्ली फाइल सिस्टिम असं येत असेल तर तो मालकीचा प्रश्नच नाही, बहुतेक वेळा विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे (बंद करताना पूर्ण बंद न होण्याची सोय) अर्धवट झोपलेलं असतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, किंवा तेवढ्यापुरतं शिफ्ट दाबून शटडाउन करा. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय, एफएसटॅब दहा वेळा बदलला आणि दोष तिथे नव्हताच.

आता आपल्याकडची गोष्ट. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, कॉपी चालू असताना करंट गेला तर फाइली खराब व्हायची भीती जास्त. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ दोघांना जर्नल आहे. एनटीएफएस लाइट गेल्यावर कधीकधी माउंट व्हायलाच नकार देतो, मग विंडोजमध्ये चेकडिस्क (ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवावं लागतं, म्हणजे घरात विंडोज नसेल तर पंचाईत.

तर माझं मत: पीसीवर फक्त लिनक्स असेल तर डोळे झाकून ईएक्सटी४. विंडोजही त्याच पीसीवर असेल आणि ड्राइव्ह आतच बसणार असेल तर एनटीएफएस, फास्ट स्टार्टअप बंद करून. एक्सफॅट फक्त इकडेतिकडे फिरणाऱ्या पेनड्राइव्हला, नाटकाचा चार जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ फॅट३२ हा जुना फॉर्मॅट घेत नाही म्हणून, पण आरतीची एकुलती एक कॉपी त्यावर ठेवू नका.

आणि सगळं बरोबर असूनही एकाच ॲपला ड्राइव्ह दिसत नसेल तर ते स्नॅप किंवा फ्लॅटपॅकवालं (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं ॲप) आहे का बघा, त्यांना बाहेरच्या ड्राइव्हची परवानगी वेगळी द्यावी लागते.