वर्षाचं धान्य भरायचं की महिन्याचं? मुंबईच्या फ्लॅटपुरता हिशोब

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘सिहोर (मध्य प्रदेशातला गहू) आलाय, कुणाला पोतं हवंय?’ सुरू होतं. हो म्हणण्याआधी घरातली जागा मोजा. गव्हाला किलोमागे साधारण 1.3 लिटर जागा लागते, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला 65 लिटरची कोठी. दोन्ही वेळा पोळ्या होणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला दहाएक किलो गहू लागतो. वर्षाची जवळजवळ अडीच पोती, वर पाहुणे. वन बीएचकेत ती पलंगाखालीच जाणार.

एकदम भरण्यात फायदा आहेच. नवा माल मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, तेव्हा भाव बहुधा उतरलेला असतो आणि निवडीला वाव असतो. शिवाय जुलै 2022 मध्ये पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला तो 25 किलोपर्यंतच्या पॅकवर; मोठं पोतं त्यातून सुटलं. मला मात्र खरा फायदा वाटतो तो वेगळाच: एकाच खेपेचा गहू असला की कणकेला पाणी किती लागतं हे एकदा हाताला कळतं आणि पुढे सवय मोडत नाही. वाशीच्या दाणाबाजारातून एकट्यासाठी पोतं आणलंत तर टेम्पोचं भाडं बचत खाऊन टाकतं. चार-पाच घरांनी मिळून आणलं तरच ते परवडतं.

अडचण पावसाळ्याची. मे महिन्यात भरलेलं धान्य लगेच जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत सापडतं. दाण्यातला ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि टोके त्याच्या आधीच हजर असतात. म्हणून भरण्यापूर्वी दोन-तीन कडक उन्हं हवीत. वाळवलेले गहू पूर्ण गार होऊ द्या. गरमच भरले तर झाकणाला आतून पाणी सुटतं. एरंडेलाचा हात फिरवणं जुनं असलं तरी कामाचं. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि बाल्कनीत ऊन तासभर, अशी परिस्थिती असेल तर वर्षाचा बेत सोडूनच द्या. आणि गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या घरात अजिबात नकोत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

महिन्याला किराणावाल्याकडून घेतलं तर किलोमागे थोडे जास्त जातात आणि दर वेळी माल वेगळा निघतो. पण वाळवण नाही, पाखडणं नाही. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान हलवणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये. मधली वाट म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत: 1975 पासून सभासदांचे गट करून दर महिन्याला एकत्र खरेदी आणि वाटप चालतं. गटात आपल्या पाळीचं काम मात्र करावं लागतं.

सगळ्या धान्यांना एकच नियम लावण्यात अर्थ नाही. तांदूळ खुशाल वर्षाचा भरा. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो आणि भात मोकळा होतो. बाजरीचं पीठ मात्र लवकर कडू पडतं, ते आठवड्यापुरतंच दळून आणा. रवा थोडाच घ्या आणि आणल्यावर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात.

गव्हाचं म्हणाल तर मी दोन हप्ते करीन. मेमध्ये एक पोतं, तेही एकाच पिंपात न भरता तीन घट्ट झाकणांच्या डब्यांत, म्हणजे रोज उघडतो तेवढ्याच डब्याला हवा लागते. ते दसऱ्याच्या आसपास संपतं. दुसरं पोतं तेव्हा घ्यायचं, आणि ते संपल्यावर मेपर्यंतचं थोडं किराणावाल्याकडून. भाव चार पैसे चढलेला असेल, पण ऑक्टोबरचं ऊन वाळवायला फुकट मिळतं आणि पुढचे महिने हवाही कोरडी असते.